काकांची विमानातली जागा

माझ्या धंद्यात एक वाक्य सारखं कानावर येतं आणि ते आलं की माझं डोकं फिरतं. ‘आत कोण बघतंय?’ मी दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवते. नवी पेठेत एका जिन्याखालून आत गेलं की माझी लॅब आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून दात करून देते. कॅपची कड हिरडीच्या आत जिथे मूळ दाताला टेकते, तिथे जराशी फट राहिली तर वरचा दात चकचकीत राहतो आणि खालचा सडत जातो. म्हणून मी ती कड भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा बघते, आणि त्यात काम लांबतं. मग फोन येतो. मॅडम, द्या की पाठवून, आत कोण बघतंय. असं म्हणणाऱ्या एका डॉक्टरांचं काम मी बंद केलं. आमचं घर बांधणाऱ्या मिस्त्रीनेही बाथरूमच्या फरशीखाली हेच म्हणून काहीतरी करून ठेवलं होतं. तिथे बारा महिने ओल येते.

तेच वाक्य माझा चुलतभाऊ माझ्या विमानाबद्दल बोलला. त्याचीच ही हकीगत. ती सांगून माझा राग शांत होईल अशी कुणी आशा धरू नये. मीही धरलेली नाही.

विमान म्हणजे मॉडेल, प्लॅस्टिकचं. मला ती करायचा नाद आहे. किट मिळतं, त्यात सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पन्नाशी उलटलेल्या बाईने हे करावं याचं आमच्या नात्यात सगळ्यांना फार आश्चर्य. माझ्या वयाच्या बायका मोत्यांची तोरणं करतात, रुखवतात ठेवायला थर्माकोलचे बंगले करतात, त्यांचं कौतुक होतं. मी बॉम्बर केलं की लगेच, अगं, वेळेत लग्न केलं असतंस तर ही वेळ आली नसती. ही वेळ म्हणजे कुठली वेळ, असं मी विचारते. मग समोरचं माणूस चहा संपवून निघून जातं.

हे विमान मात्र मी माझ्या हौसेसाठी घेतलं नव्हतं. ते काकांसाठी होतं. आमचं घर जुळे सोलापुरात आहे. खाली काका, काकू आणि त्यांचा मुलगा, वर मी. काका मोडनिंबच्या शाळेतून निघाले ते कोवळ्या वयात हवाई दलात भरती झाले आणि विमानात वायरलेसवर बसले. त्यांचं विमान म्हणजे लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. युद्ध संपल्यावर ती विमानं कानपूरला मोडीत टाकून गोरी मंडळी आपल्या देशी निघून गेली, आणि आपल्या लोकांनी त्यातल्या त्यात धड होती ती निवडून, जोडून पुन्हा उडवली. काका त्यात चढले तेव्हा ती म्हातारी झाली होती. बॉम्ब टाकायचं काम मागे पडलं होतं, समुद्रावर फिरून जहाजं हेरायचं तेवढं उरलं होतं. ज्या पोराने गावच्या विहिरीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं ते पोर तासन् तास समुद्रावरून हिंडत होतं. वैमानिकांच्या मागे उजव्या अंगाला एक लहानसं टेबल, एक खुर्ची आणि एक खिडकी, ही त्यांची जागा. पुढे ती विमानं भंगारात निघाली, काका जमिनीवर आले, निवृत्त होऊन सोलापुरात एका कचेरीत कारकुनी केली आणि तिथूनही निवृत्त झाले. त्या जागेचा एकही फोटो त्यांच्याजवळ नाही. आत कॅमेरा न्यायला बंदी होती.

मग काचबिंदू झाला. कळला तेव्हा उशीर झाला होता. डाव्या डोळ्याचं सगळं गेलं आणि उजव्याचं मधोमध तेवढं उरलं. पायपातून बघितल्यासारखं दिसतं असं ते सांगत. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब रोजच्या रोज घातले तर उरलेली टिकेल, पण किती टिकेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. दवाखान्यातून आम्ही रिक्षाने आलो. घरासमोर उतरताना त्यांनी माझा हात धरला.

“माझी ती जागा एकदा बघायची हाय गं,” म्हणाले. “बारीक दिसतंय तवर.”

या माणसाने माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. माझे वडील गेल्यावर माझं सगळं त्यांनी बघितलं, लॅब काढताना घरातले सगळे नको म्हणत असताना ते एकटे माझ्या बाजूने उभे राहिले, आणि कधी त्याचा उच्चार केला नाही. मी दुसऱ्याच दिवशी किट मागवलं, मिळेल त्यातलं मोठ्यात मोठं, पंख लावले की जेवणाचं अर्धं टेबल अडवणारं.

किट आलं आणि उघडल्याबरोबर मी चिडले. बाहेरून एकेक रिबीट कोरलेला, चाकांच्या टायरवरची नक्षीसुद्धा सोडली नव्हती, आणि काकांच्या टेबलाच्या जागी एक सपाट पाटी. खुर्ची म्हणजे एक चौकोनी ठोकळा. विमानाच्या दोन बाजू एकदा चिकटल्या की ते कुणाला दिसणार नव्हतं, म्हणून कुणी केलंच नव्हतं. म्हणजे सातासमुद्रापलीकडेसुद्धा आमच्या मिस्त्रीचे भाऊबंद बसलेले आहेत.

मी आतलं सगळं नव्याने करायला घेतलं. दातांच्या कामाची हत्यारं यात फार उपयोगी पडतात. दात सरळ करायला जी बारीक तार वापरतात तिच्या नळ्या केल्या. जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची तार सोडवून विजेची जोडणी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या चंदेरी कागदातून खुर्चीचे पट्टे कापले. वायरलेसच्या पेट्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून घडवल्या आणि त्यांच्यावरची बटणं सुईच्या टोकाने गोंदाचा एकेक थेंब ठेवून केली. संदेश पाठवायची कळ खसखशीएवढी झाली, ती दोनदा जमिनीवर पडली आणि दोन्ही वेळा मी फरशीवर आडवी होऊन टॉर्चने शोधली.

इंटरनेटवर फोटो होते, पण ते लढाईच्या काळातले. आपल्याकडे आल्यावर त्या विमानांत बरेच बदल झाले होते. म्हणून मी संध्याकाळी खाली जाऊन काकांना विचारायची. ते डोळे मिटायचे आणि समोरच्या हवेत हात फिरवून सांगायचे. हितं दिवा. हितं पेन्सिल, दोऱ्यानं बांधलेली, न्हायतर वळण घेताना घरंगळायची. हितं कोपर टेकून टेकून रंग उडालेला. मी दिवा केला, पेन्सिल केली, तिचा दोरा केला आणि उडालेला रंगही केला, खालचा धातू चमकेल असा. दिवसभर दुसऱ्यांचे दात करायचे आणि संध्याकाळी हे. मान धरायची, पाठ धरायची. पण त्या महिन्यांत मी घरात कुणावरही ओरडले नाही, हे काकूंनी स्वतः चार लोकांत सांगितलं.

काकांची एक अट होती. अर्धंमुर्धं दाखवायचं नाही. सगळं पुरं झाल्यावर चांगल्या उन्हात ते एकदाच बघणार. मोजकी नजर उरलेला माणूस ती कशावर खर्च करायची हे ठरवणारच. म्हणून विमान माझ्या टेबलावर तयार होत असताना त्यांनी एकदाही वर पाऊल टाकलं नाही. मीही त्याच्या दोन बाजू चिकटवल्या नव्हत्या. ते कायम उघडता येईल असंच मला करायचं होतं. बाहेरचा रंग झाला होता, खिडक्यांच्या काचा आतल्या अंगाने बसवल्या होत्या, पंख खाचेत नुसते अडकवले होते आणि दोन बाजूंवर रबरबँड चढवले होते. भरल्या कारल्याला दोरा गुंडाळतात तसं ते दिसायचं. आतलं अगदी किरकोळ काम उरलं होतं. येत्या रविवारी सकाळी गच्चीवर यायचं, असं मी काकांना सांगून ठेवलं. त्यांनी त्या दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट बाजूला काढल्याचं काकू म्हणाल्या.

त्या रविवारच्या आत पंधरा ऑगस्ट आला.

माझा चुलतभाऊ प्लॉटचे व्यवहार करतो आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायची तयारी करतो. तयारी म्हणजे फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, आमच्या चौकात याचा हात जोडलेला फोटो असतोच. त्याने कॉलनीच्या मंडळातर्फे स्वातंत्र्यदिनाला माजी सैनिकांचा सत्कार ठेवला आणि पहिलं नाव स्वतःच्या वडिलांचं घातलं. त्याला मी नावं ठेवत नाही. काकांचा सत्कार कधीच व्हायला हवा होता. पण फ्लेक्स लागला आणि बघते तर काकांचा फोटो कोपऱ्यात बटाट्याएवढा, हा मध्यभागी, आणि मागच्या आकाशात आजच्या काळातलं जेट लढाऊ विमान. मी त्याला विचारलं, तुझे वडील यात कधी बसले होते? तो म्हणाला, फ्लेक्सवाल्याकडे हेच होतं, आणि लोकांना काय कळतंय.

मग त्याला माझं विमान हवं झालं. स्टेजवर मांडायचं, पाहुण्यांच्या हस्ते काकांना द्यायचं, फोटो चांगले येतील. मी नाही म्हटलं. ते पुरं झालेलं नाही आणि काकांनी बघितल्याशिवाय ते कुणीही बघायचं नाही, असं मी त्याला सरळ मराठीत सांगितलं. तरी तो वर आला. विमानाभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि रबरबँडला बोट लावलं.

“ताई, बाहेरून तर झालंय की सगळं,” तो म्हणाला. “आत कोण बघतंय?”

मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. तो हसत हसत जिना उतरला. माझ्या रागाला आमच्या घरात कुणी भीक घालत नाही, हीच तर गोची आहे. ताई बोलते, मग निवळते, असा त्यांनी माझा हिशोब मांडून ठेवलेला आहे.

चौदा तारखेला मला वैरागला जावं लागलं. तिथल्या एका म्हाताऱ्या पेशंटला मी केलेली कवळी टोचत होती आणि डॉक्टर म्हणाले समोर बसूनच घासून द्या. त्याला वेळ लागला, संध्याकाळ झाली, मी तिथल्या मैत्रिणीकडे राहिले. माझ्या मजल्याची एक किल्ली खाली असते, कारण पाण्याची टाकी माझ्या गच्चीवर आहे. सकाळच्या एसटीने निघाले आणि उशीर झाला म्हणून घरी न जाता थेट मंडळाच्या मांडवात गेले.

स्टेजवर भारतमातेच्या फोटोशेजारी पांढऱ्या कापडावर माझं विमान होतं. त्याला झेंडूचा हार घातला होता, नाकाला हळदीकुंकू लावलं होतं, समोर उदबत्ती होती. रबरबँड कुठेच दिसत नव्हते.

काय झालं ते काकूंनी तिथेच मला भाबडेपणाने सांगितलं. विमान खाली आणलं तेव्हा ते दोन तुकड्यांत आहे हे त्यांच्या लक्षात आलं. अर्धवट किंवा तुटकी वस्तू पूजेला मांडत नाहीत, एवढं कुणालाही माहीत असतं, म्हणून त्या मुलाला म्हणाल्या की हे असं नको नेऊ, आधी नीट पुरं कर. मग त्याने दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या ट्यूब आणल्या, दोन्ही कडांवर सढळ हाताने ओतल्या, बाजू दाबून धरल्या आणि धूळ बसू नये म्हणून विमान थर्माकोलच्या खोक्यात घालून झाकण लावून टाकलं. बघ, कसं एकसंध दिसतंय, असं काकू म्हणाल्या.

तो गोंद माझ्या लॅबमध्ये रोज वापरतात. त्याचा गुण मला पाठ आहे. तो वाळताना त्याची वाफ सुटते आणि ती आसपासच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी होऊन बसते. बंद जागेत तर हमखास. म्हणून खिडक्या असलेल्या कामात मी त्याला हात लावत नाही, सुतारांचा पांढरा गोंद वापरते. या शहाण्याने ती वाफ विमानात कोंडली आणि विमान खोक्यात कोंडलं. मी स्टेजच्या कडेला जाऊन बघितलं. एकूण एक खिडकी दुधी झाली होती. वैमानिकांच्या समोरच्या काचा दुधी, उजवीकडची काकांची खिडकी दुधी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माईकवर काकांचं नाव पुकारलं गेलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग पाहुण्यांनी विमान उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाऊ माईकवरून म्हणाला, बाबा, हे तुमचं विमान, आता पूर्ण झालं आहे. त्याने पूर्ण हा शब्द वापरला म्हणून काकांनी तो खरा धरला. त्यांनी विमानाची उजवी बाजू बोटांनी चाचपली, खिडकी सापडली, विमान उचलून उजव्या डोळ्याला लावलं आणि उन्हाकडे तोंड केलं. बराच वेळ ते तसेच होते. विमान थोडं फिरवलं, पुन्हा लावलं. मग हळूच खाली ठेवलं.

मी तोवर त्यांच्या खुर्चीजवळ पोचले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

“गेलं गं,” ते म्हणाले. “बारीक गेलं. नुसतं धुकं हाय.”

त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. भावाने ते बघितलं आणि माईकवर जाहीर केलं, की जुन्या आठवणींनी बाबा भावुक झाले आहेत. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक माणूस आपली नजर गेली म्हणून रडतो आहे आणि कॉलनी टाळ्या वाजवते आहे, मोबाइल वर धरून.

मी काकांच्या कानाशी वाकून सांगितलं, की तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, काच खराब झाली आहे, गोंदामुळे. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मला समजावू नको, म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? आजार कळल्यापासून आम्ही सगळे त्यांना होईल ठीक, काही होत नाही, असंच सांगत आलो होतो. आता खरं सांगितलं तर तेही त्याच पठडीतलं वाटलं. तेव्हा मी सरळ झाले आणि भावाकडे वळले. तो अजून हसत होता.

“तू तुझ्या बापाच्या डोळ्यात गोंद ओतलास,” मी म्हटलं.

माईक चालू होता. चालू आहे हे मला माहीत होतं का, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. होतं.

त्यानंतर घरात जो तमाशा झाला तो वेगळा. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी काकांचं बघा, माझ्या बोलण्याची चर्चा मागाहून करा. कारण काकांनी थेंब घालणं बंद केलं होतं. काकू बाटली घेऊन गेल्या की ते डोळे मिटून घेत आणि मान भिंतीकडे वळवत. ज्याच्यासाठी घालायचे तेच गेलं, आता कशाला, असं म्हणत. दूरचं अंधुक दिसत होतं, तेवढं बास म्हणत, आणि जवळ काही धरून बघायलाही तयार नव्हते. थेंब थांबले तर तेही जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलेलं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता भावाचं हसू मावळलं. तो वडिलांच्या पायाशी बसून सांगायला लागला, की बाबा, मीच चिकटवलं, मलापण त्यातून काही दिसत नाही, धुकंच दिसतं. काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही सगळे एकच बोलणार, म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगं त्यांच्यासाठी खोटं बोलतंय.

विमान उघडून दाखवण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. सुरी घालून बघितली, पण गोंद आतपर्यंत ओघळून दोन्ही बाजू एकजीव झाल्या होत्या. नुसती खिडकीची काच काढावी तर ती आतून बसवलेली, बाहेरून ढकलली की थेट टेबलावर पडणार आणि तिथलं सगळं मोडणार. विमान कापायला हवं होतं. वरचं छत आणि उजवी बाजू, वैमानिकांच्या मागून थेट पंखांपर्यंत.

हे मी म्हटल्याबरोबर दोघंही आडवी आली. काकूंचं म्हणणं, हळदीकुंकू लागलेली, हार घातलेली वस्तू अशी फोडायची नसते, घरात अपशकुन होतो. भावाचं म्हणणं, विमानाचा फोटो गावभर गेला आहे, एका शाळेने ठेवायला मागितलं आहे, एवढं सुरेख दिसतंय ते का कापता, बाबांसाठी दुसरं आणू. दुसरं आणू! जणू ते भाजी मंडईत मिळतं. मला वाटतं त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की या मुलाला ते विमान म्हणजे त्याचं बाहेरचं कवच एवढंच दिसत होतं, आणि तो लबाड नव्हता, त्याला खरोखरच तेवढंच दिसत होतं. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. लबाड माणसाला निदान लाज आणता येते. काकूंना मी सांगितलं की अपशकुन माझ्या नावावर लावा, माझ्या नावावर आधीच बरंच काही आहे.

रविवारी सकाळी मी काकांना हाताला धरून गच्चीवर नेलं. विमान बघायचंय असं म्हटलं नाही, माझ्याजवळ बसा एवढंच म्हटलं. त्यांचा शर्ट साधाच होता. ते खुर्चीत बसले आणि टाकीकडे तोंड करून राहिले. मी घरातून एक्सटेन्शन ओढून लॅबचं घासायचं यंत्र लावलं, त्याला बारीक चकती बसवली, आणि भावाला म्हटलं, धर. तो म्हणाला, मी? मी म्हटलं, तूच. त्याने दोन्ही हातांनी विमान धरलं. मी त्याला एकदाही सावकाश धर असं म्हटलं नाही.

वेग वाढवला तर प्लॅस्टिक वितळतं, म्हणून मंद चालवावं लागतं. चकती रंगात शिरली आणि हिरवी पूड उडायला लागली. समुद्रावरच्या उन्हाने विटलेला रंग मी थरावर थर देऊन केला होता, कुठे फिका, कुठे काळपट, पेट्रोलचा ओघळ गेलेला. रिबिटांच्या रांगा, हवाई दलाचा रंगवलेला तिरंगी गोल, सगळ्यावरून चकती जात होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. आपल्या हाताने केलेलं आपल्या हाताने कापताना जिवावर आलं, आणि जिवावर येतंय याचाच मला संताप आला. काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेवटचा भाग मी करवतीच्या पात्याने हाताने कापला आणि ते छत अलगद उचललं.

आतल्या पेट्यांवर थोडी पांढरी भुकटी बसली होती. ब्रशने झटकली, निघाली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी विमान काकांच्या मांडीवर ठेवलं, ऊन नेमकं टेबलावर पडेल असं वळवलं आणि माझं भिंग त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी भिंग परत माझ्याकडे सरकवलं. कशाला उगाच, म्हणाले. तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. बघा म्हणते ना, एवढं ओरडून मी त्यांचा हात धरून भिंग त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे नेलं. ते दचकले. मग त्यांनी मान खाली घातली.

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. टाकीत पाणी पडत होतं. काकांनी भिंग किंचित वर केलं, किंचित खाली केलं, आणि मग त्यांचा हात एका जागी थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तिथे काहीही वाचता येत नव्हतं. भाऊ अजून कापलेलं छत हातात घेऊन उभा होता.

“हितं एक केस हाय,” काका म्हणाले.

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, काय?

“टेबलावर. आडवा पडलाय बघ. पांढरा हाय, तुझाच असंल.”

मी भिंग त्यांच्या हातातून घेतलं आणि वाकले. होता. रंगाच्या वरच्या थरात अर्धा रुतलेला, माझा पांढरा केस. ते टेबल मी महिनोन्महिने भिंगाखाली धरलं होतं आणि मला तो एकदाही दिसला नव्हता. माझं डोकं पुन्हा फिरलं. एवढं सगळं करून आत केस. मी माझ्या हत्यारांच्या पेटीतून बारीक चिमटा काढला आणि तो उपटायला गेले. काकांनी माझं मनगट पकडलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “दिसायलाय मला त्यो.”